गोळीबरोबर दोन शब्दही

आजचा विषय आपल्याकडे चारचौघांत निघत नाही, आणि निघालाच तर विनोदाच्या वाटेनं निघतो. विषय आहे पुरुषाच्या कामजीवनातल्या अडचणीचा. त्यातही आज बोलायचं आहे ते ताठरतेच्या तक्रारीबद्दल. म्हणजे मनात इच्छा असूनही समागमाच्या वेळी लिंगाला पुरेसा ताठरपणा न येणं, किंवा आलेला न टिकणं. यावर औषध आहे, हे आता बहुतेकांना ठाऊक झालं आहे. पण त्या औषधाला बोलण्याची जोड दिली तर गुण अधिक चांगला येतो, हे अजून फार थोड्यांना ठाऊक आहे. आजचा सगळा खटाटोप हा दुसरा भाग सांगण्यासाठी.

तुम्ही म्हणाल, हे डॉक्टरांनी सांगावं, कवीचं इथं काय काम? काम आहे, कारण या दुखण्यात पहिला अडथळा शब्दांचाच असतो. डॉक्टरांपुढे बसलेला पुरुष काय म्हणतो? ‘कमजोरी वाटते.’ ‘पॉवर कमी झालीय.’ ‘अंगात ताकद राहिली नाही.’ बाहेर रांग लागलेली असते. डॉक्टर एखादं टॉनिक लिहून देतात आणि तो पुरुष खरी गोष्ट पोटातच ठेवून घरी येतो. त्याच्याकडे नेमका शब्द नसतो. आपल्या भाषेत या गोष्टींसाठी एक तर शिव्यांतले शब्द आहेत, नाहीतर जुन्या ग्रंथांतले. घरात, दवाखान्यात, नवरा-बायकोत सहज वापरता येईल असा मधला शब्द लवकर सापडत नाही.

आणि जे शब्द सापडतात ते माणसाला जिव्हारी लागतात. ‘नामर्द’ हा फारसीतून आलेला, आमच्या घरच्या बोलीतला शब्द. ‘नपुंसक’ संस्कृतातून आलेला. दोन्हींचा अर्थ एकच, पुरुष नव्हे तो. तक्रार असते एका अवयवात रक्त पुरेसं न भरण्याची, आणि भाषा त्या माणसाचं सगळं पुरुषपणच काढून घेते. मधुमेह झालेल्याला आपण असं काही म्हणतो का? आपल्या परंपरेनं पुरुषार्थ चार सांगितले आहेत, धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष. भिंतीवरच्या जाहिरातींनी त्यातला एकच शिल्लक ठेवला आणि तोही एका रात्रीच्या परीक्षेपुरता.

डॉक्टरांनी स्वतःपुरता हा शब्दांचा प्रश्न सोडवला आहे. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं तज्ज्ञांची एक परिषद भरवली होती. ‘इम्पोटन्स’ हा शब्द टाकून त्याऐवजी ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ म्हणावं, अशी शिफारस त्या परिषदेनं केली. मराठीत आपण त्याला ‘ताठरतेची तक्रार’ म्हणू. पोटाची तक्रार असते, गुडघ्याची असते, तशी ही.

ही तक्रार किती जणांना असते? अमेरिकेत बोस्टन शहराच्या परिसरात ४० ते ७० वर्षांच्या सुमारे १,३०० पुरुषांची पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. ५२ टक्के पुरुषांना ही तक्रार कमी-अधिक प्रमाणात होती. कुणाला किरकोळ, कुणाला मध्यम, थोड्यांना पूर्ण. म्हणजे चाळिशीपुढच्या पुरुषांची बैठक भरली, तर तिथं असा माणूस एकटा नसतो. फक्त प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच आहोत.

आता शरीरात काय घडतं ते पाहू. शेतकरी मित्रांना हे लवकर कळेल. पाटाला पाणी आलेलं असतं, पण वाफ्याचं तोंड उघडल्याशिवाय ते वाफ्यात शिरत नाही. लिंगात स्पंजासारखे दोन लांबट भाग असतात. एरवी तिथले स्नायू आवळलेले असतात आणि रक्त बेतानंच आत येतं. मनात इच्छा जागी झाली, स्पर्श झाला, की मेंदू आणि मज्जारज्जूकडून निरोप जातो आणि तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांशी नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. वाफ्याचं तोंड उघडणारा माणूस हाच. त्याच्यामुळे एक रसायन तयार होतं, ते स्नायू सैल करतं, रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त भरतं. भरलेल्या रक्ताच्या दाबानं परतीच्या शिरा दाबल्या जातात, म्हणून ताठरपणा टिकतो. रक्तवाहिन्यांमध्ये नायट्रिक ऑक्साइड निरोप्याचं काम करतो, हे शोधणाऱ्या रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद या शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

तोंड उघडणारा आहे तसा बुजवणाराही आहे. पीडीई-५ नावाचं एक एन्झाइम त्या रसायनाचा निचरा करतं आणि सगळं पूर्ववत होतं. गोळीचं काम एवढंच, की या बुजवणाऱ्याला काही तास थांबवून धरायचं.

या गोळीचा जन्मही वेगळ्याच कामासाठी झाला होता. इंग्लंडमधल्या सँडविच गावी फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत हृदयविकारातल्या छातीच्या दुखण्यावर औषध शोधलं जात होतं. त्यातून सिल्डेनाफिल हे औषध आलं. छातीच्या दुखण्यावर त्याचा फारसा उपयोग होईना, पण चाचणीतल्या पुरुषांमध्ये वेगळाच परिणाम दिसला. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं त्याला मान्यता दिली आणि ‘व्हायग्रा’ हे नाव जगभर झालं. पाठोपाठ टाडालाफिल आलं, त्याला तिथं २००३ मध्ये मान्यता मिळाली. सिल्डेनाफिलचा परिणाम साधारण चार तास राहतो, टाडालाफिलचा छत्तीस तासांपर्यंत राहू शकतो. आपल्याकडे ही दोन्ही औषधं देशी कंपन्या बनवतात आणि ती पूर्वीसारखी महाग राहिलेली नाहीत.

मग अडलं कुठं? अडतं ते इथं. गोळी बुजवणाऱ्याला थांबवते, पण उघडणारा माणूसच आला नाही तर? इच्छा नसेल, स्पर्श नसेल, किंवा मनात भीती असेल, तर नायट्रिक ऑक्साइडच पुरेसा तयार होत नाही. गोळी पोटात जाऊनही रिकामी बसते. उलट भीतीच्या वेळी शरीरात ॲड्रेनालिनसारखी रसायनं वाढतात. वाघ दिसला की पळायला लावणारी ही रसायनं. ती हातापायांना रक्त पुरवतात आणि लिंगातले स्नायू आवळून धरतात. पळायच्या वेळी शरीराला प्रणय सुचत नाही, यात शरीराचं काही चुकत नाही. फक्त वाघ बाहेर नसून मनात आहे, हे त्याला कळत नाही.

हा वाघ मनात शिरतो कसा? एखाद्या दिवशी दमणूक असते, थोडी दारू झालेली असते, कर्जाच्या हप्त्याची काळजी असते. त्या रात्री जमत नाही. असं प्रत्येक पुरुषाच्या आयुष्यात कधी ना कधी होतं. पण पुढच्या वेळी तो मनाशी म्हणतो, ‘आज तरी जमेल ना?’ आणि तिथून तो स्वतःचाच परीक्षक होतो. अमेरिकेतले विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं. १९७० च्या त्यांच्या ग्रंथात ही गोष्ट नेमकी मांडली आहे. असा पुरुष प्रसंगात सहभागी होत नाही, प्रेक्षकासारखा बाजूला उभा राहून स्वतःकडे पाहत बसतो. परीक्षा आली की भीती आली, भीती आली की पुन्हा अपयश. दोन-चार वेळा असं झालं की तो परीक्षेलाच बसायचं टाळतो. उशिरापर्यंत टीव्ही पाहतो, डोकं दुखतं म्हणतो, भिंतीकडे तोंड करून झोपतो.

म्हणून बोलणं हवं. पण इथं उलट बाजूची चूकही सांगायला हवी. ‘सगळं मनाचंच आहे, टेन्शन घेऊ नका,’ असं म्हणून माणसाला परत पाठवणं हेही तितकंच धोक्याचं. लिंगाच्या धमन्या अगदी बारीक, एक-दोन मिलीमीटरच्या असतात. हृदयाच्या धमन्या त्याहून रुंद, तीन-चार मिलीमीटरच्या. चरबीचा थर सगळीकडेच बसत असतो, पण त्याचा त्रास बारीक नळीत आधी जाणवतो. त्यामुळे पुष्कळदा ताठरतेची तक्रार ही हृदयविकाराची दोन-चार वर्षं आधी आलेली सूचना ठरते. मधुमेही पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना ही तक्रार असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर आहे. तंबाखू, सिगारेट आणि रक्तदाब यांचाही यात वाटा आहे. रक्तदाबावरच्या आणि नैराश्यावरच्या काही औषधांचाही परिणाम होतो. मात्र ती औषधं मनानं बंद करायची नाहीत, डॉक्टर ती बदलून देऊ शकतात.

शरीर किती आणि मन किती, याचा एक साधा अंदाज घरच्या घरीही येतो. निरोगी पुरुषाला झोपेत रोज रात्री तीन-चार वेळा आपोआप ताठरपणा येतो. पहाटे जाग येताना तो जाणवतो. पहाटे सगळं ठीक असेल आणि पत्नीजवळ गेल्यावरच अडत असेल, तर रक्तवाहिन्या बहुधा शाबूत आहेत, अडचण मनाच्या बाजूला आहे. पहाटेचाही ताठरपणा हळूहळू नाहीसा झाला असेल, तर शरीराची तपासणी आधी हवी.

पण बहुतेकांच्या बाबतीत दोन्हींचं मिश्रण असतं. न्यूयॉर्कमधले मायकेल पेरलमन नावाचे तज्ज्ञ यासाठी तराजूची उपमा देतात. शरीरातल्या गोष्टी आणि मनातल्या गोष्टी, दोन्ही मिळून काटा कुठं झुकायचा ते ठरवतात. साखर वाढल्यानं काटा थोडा खाली आलेला असतो. एरवी तेवढ्यावर निभावलं असतं. पण त्यात भीतीचं वजन पडतं आणि काटा पार झुकतो. अशा वेळी एकाच बाजूचं वजन उचलून पुरत नाही.

गोळी आणि बोलणं एकत्र दिल्यानं खरंच फरक पडतो का, हे तपासून पाहिलेलं आहे. २००७ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं एक आढावा प्रसिद्ध केला. ब्राझीलमधल्या संशोधकांनी त्यासाठी अकरा चाचण्या एकत्र करून तपासल्या. त्यांत एकूण ३९८ पुरुष होते. नुसती सिल्डेनाफिल घेणाऱ्यांपेक्षा, सिल्डेनाफिलबरोबर गटात बसून मानसोपचार घेणाऱ्यांना समागमात अधिक यश आलं आणि उपचार अर्ध्यावर सोडणारेही त्यांच्यात कमी होते. या चाचण्या लहान होत्या, हे खरं. पण कल कुठल्या बाजूला आहे ते त्यातून दिसतं. ‘अर्ध्यावर सोडणारे’ हा मुद्दा महत्त्वाचा आहे. गोळी लागू पडत असतानाही कितीतरी पुरुष ती काही महिन्यांत बंद करतात. कुणाला लाज वाटते, कुणाला ‘आता कायमची सवय लागेल’ अशी धास्ती असते, आणि कुणाच्या घरात त्या गोळीबद्दल एक शब्दही झालेला नसतो.

मग हा जोडउपचार चालतो कसा? एक कल्पित उदाहरण घेऊ. एसटीत वाहक असलेले सत्तेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आहेत. मुलगी बारावीत, मुलगा दहावीत. दोन खोल्यांचं घर. दिवसभर उभ्यानं ड्यूटी आणि तोंडात तंबाखू. वर्षभरापासून त्यांना ही तक्रार आहे. धीर करून ते डॉक्टरांकडे जातात. डॉक्टर रक्तदाब पाहतात, साखर आणि चरबी तपासायला सांगतात, सकाळच्या वेळी रक्त घेऊन टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पाहतात. साखर वाढलेली निघते. म्हणजे या तक्रारीनं त्यांना मधुमेहाची खबर दिली. साखरेवर उपचार सुरू होतात, तंबाखू सोडायला सांगितलं जातं, आणि हृदय ठीक आहे याची खात्री करून गोळी दिली जाते.

गोळी देतानाच डॉक्टर थोडं बोलतात. उपाशी किंवा हलक्या पोटी घ्या, तेलकट-तुपकट जेवणावर सिल्डेनाफिल घेतली तर परिणामाला उशीर लागतो. तासभर आधी घ्या. डोकं दुखेल, चेहरा लाल होईल, नाक चोंदेल, त्याला घाबरू नका. आणि पहिल्या खेपेला जमलं नाही तर गोळी फुकट गेली म्हणू नका, सहा-आठ वेळा प्रयत्न केल्याशिवाय निकाल लावायचा नसतो. एवढी पाच मिनिटं दिली, तरी निम्मं समुपदेशन होऊन जातं.

उरलेलं काम मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक करतात. तिथं शक्यतो नवरा-बायको दोघांनी जायचं असतं. पहिल्या भेटींत बरेच गैरसमज निघतात. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे अमुक थेंब, तरुणपणच्या हस्तमैथुनानं नस ढिली झाली, स्वप्नात धातू गेल्यानं शरीर पोखरलं. यातलं काहीही खरं नाही. वीर्य शरीरात तयार होत राहतं, ते साठवून ठेवायचं धन नव्हे. पण ‘धातू जातो’ या भीतीनं आपल्याकडची माणसं इतकी खचतात, की डॉ. एन. एन. विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० मध्ये या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असं नावच दिलं.

पुढची पायरी मास्टर्स आणि जॉन्सन यांची. ऐकायला ती उफराटी वाटते. समुपदेशक सांगतात, पुढचे काही आठवडे समागम करायचाच नाही. फक्त जवळ बसायचं, हात, पाठ, केस यांना निवांत स्पर्श करायचा, आणि काय आवडतं ते एकमेकांना सांगायचं. परीक्षाच रद्द झाली की परीक्षेची भीती उरत नाही. मग टप्प्याटप्प्यानं पुढं जायचं. याच काळात गोळी हाताशी असते, म्हणून पुरुषाला धीर असतो. मोडलेल्या पायाला कुबडीचा आधार द्यावा आणि शेजारी चालण्याचा सराव चालू ठेवावा, तसं हे आहे. अडचण मुख्यतः मनाची असेल तर काही महिन्यांत गोळी कमी करता येते, पुष्कळदा सुटतेही. मधुमेहानं नसा दुखावल्या असतील तर गोळी पुढंही लागेल. त्यात कमीपणा काही नाही. आपण चष्मा लावतोच की.

आमच्या या वाहकाच्या घरात आणखी एक माणूस आहे. त्यांची बायको. तिला वर्षभर काय वाटत होतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. नवरा दूर झोपतो, म्हणजे मी आता आवडत नाही, किंवा बाहेर कुणीतरी आहे, असं तिनं मनाशी धरलं होतं. त्याला वाटायचं की ती आपल्याला कमी लेखते, म्हणून गप्प असते. दोघं एकाच पलंगावर दोन वेगवेगळ्या भीती घेऊन झोपत होते. तिची पाळी जाण्याचं वय जवळ आलेलं, त्यामुळे कोरडेपणाचा तिलाही त्रास. तो तिनं कधी सांगितला नव्हता. अशा घरात नवऱ्यानं काही न सांगता एका रात्री गोळी घेऊन जवळ यावं, तर तिला आनंद होईलच असं नाही. तिची तयारी, तिची इच्छा, तिचं दुखणं यांचाही विचार व्हायला हवा. गोळी एकानं घ्यायची असली, तरी उपचार दोघांचा असतो.

काही घरांत तर याची शिक्षा बाईलाच भोगावी लागते. लग्नाला दोन-तीन वर्षं होतात, मूल होत नाही. सून डॉक्टरांकडे, देवाला, दर्ग्याला नेली जाते. तिच्या तपासण्या होतात. मुळात समागमच झालेला नाही, हे ती कुणाला सांगणार? आणि मुलगा तर सांगतच नाही. ताठरतेची तक्रार आणि वीर्यातला दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दूर झाली की अशा कितीतरी जोडप्यांना मूल होतं. पण त्याआधी मुलानं तोंड उघडायला हवं.

कायद्यानंही या तक्रारीकडे कायमचा शिक्का म्हणून पाहिलेलं नाही. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात, पती लग्नाच्या वेळी आणि नंतरही समागमाला असमर्थ असेल तर पत्नीला घटस्फोट मागता येतो. पण त्याच कलमात पुढं म्हटलं आहे, की पतीनं अर्ज केला तर न्यायालयानं त्याला एक वर्षाची मुदत द्यावी आणि त्या मुदतीत आपण बरे झालो हे त्यानं दाखवून द्यावं. हा कायदा झाला तेव्हा या गोळ्या नव्हत्या. तरी कायदा करणाऱ्यांनी माणूस बरा होऊ शकतो, हे गृहीत धरलं होतं. आज उपचार हाताशी असताना पुष्कळ पुरुष स्वतःला एवढीही मुदत देत नाहीत. महिनाभरात स्वतःवरच निकाल देऊन मोकळे होतात.

या गप्प बसण्याचा फायदा घेणारे बाहेर बसलेलेच आहेत. लोकलच्या डब्यातले कागद, रस्त्याकडेचे तंबू, ‘शर्तिया इलाज’चे फलक. कामशक्ती वाढवून देण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या जादूटोणासदृश औषधोपचारांविषयीच्या कायद्यानं बंदी आहे, तरी हे फलक दिसतातच. नुसते पैसे जातात एवढंच नाही. ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा चूर्ण-गोळ्यांत सिल्डेनाफिल गुपचूप मिसळल्याचं देशोदेशीच्या तपासण्यांत आढळलं आहे. हृदयविकारासाठी जिभेखाली ठेवायची गोळी, म्हणजे नायट्रेट गटातलं औषध, घेणाऱ्या माणसाच्या पोटात हे गेलं तर रक्तदाब एकाएकी कोसळून जीव जाऊ शकतो. म्हणून हृदयाची कुठलीही गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे. गोळीनंतर छातीत दुखू लागलं, तर दवाखान्यात पोचताच गोळी घेतल्याचं आधी सांगायचं. आणि ताठरपणा चार तासांपेक्षा जास्त राहिला, तर लाज न धरता तातडीनं रुग्णालय गाठायचं.

मराठी माणसाला हे सांगणारा मी पहिला नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ते चालवलं. त्यात वाचक कामजीवनाविषयी प्रश्न विचारत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये कर्व्यांच्या बाजूनं न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्व्यांना दंड झाला, पण त्यांनी उत्तरं देणं थांबवलं नाही. पुढं डॉ. विठ्ठल प्रभू यांनी ‘निरामय कामजीवन’ लिहून हीच वाट मोठी केली. आपल्या भाषेत बोलण्याची सोय नाही असं नाही. ती वाट वापरात ठेवायला हवी, एवढंच.

तर करायचं काय? आधी घरच्या किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. गरज पडली तर ते मूत्रविकारतज्ज्ञाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो. मुंबईत राहणाऱ्यांना केईएम रुग्णालय आहे. मन फार खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य आहे, तिथं मराठीतही बोलता येतं. न तपासता औषध देणारा, ‘गॅरंटी’ देणारा, आणि बायकोला बाहेर बसवून भाव सांगणारा, असे तिघेही टाळा.

आणि घरी? दिवे मालवल्यावर, अपयशाच्या त्या क्षणी, हा विषय काढू नका. दुपारी चहाच्या वेळी, मुलं घरात नसताना काढा. एवढंच म्हणा, ‘अगं, तुझ्यात काही कमी नाही. मला हल्ली भीती वाटते आणि अंग साथ देत नाही. डॉक्टरांकडे माझ्याबरोबर येशील?’ भगिनींनाही एक विनंती. तेव्हा त्यांना टोमणा मारू नका आणि ‘असू द्या, या वयात कशाला’ असं म्हणून विषय मिटवूही नका. ‘येते की, कधी जायचं?’ एवढं उत्तर पुरे.

डॉक्टरांपुढे बसल्यावर ‘कमजोरी’ म्हणू नका. ‘डॉक्टर, मला ताठरतेची तक्रार आहे, सहा महिन्यांपासून,’ असं सरळ सांगा. एवढं वाक्य तोंडातून बाहेर पडलं की पुढचे प्रश्न डॉक्टर विचारतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)